पार्किन्सन्स आणि बीपी: आडवं असताना १७०, उभं राहिल्यावर ९६. गोळ्या न वाढवता काय करता येईल?

अबोली | १२ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचतच आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बाबा ७४ वर्षांचे. गोव्यात म्हार्दोळच्या बाजूला आमचं घर. पार्किन्सन्सचं निदान होऊन ६ वर्षं झाली. कंप फारसा नाही, पण चाल मंदावली आहे आणि अक्षर मुंगीएवढं झालंय. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेला माणूस, फळ्यावरचं त्यांचं अक्षर बघायला इतर वर्गांतली मुलं यायची. त्यामुळे हे त्यांना फार लागतं. बीपीची गोळी त्याच्या कितीतरी आधीपासून, वीसेक वर्षं चालू आहे.

एप्रिलमध्ये ते न्हाणीत पडले. भाणातल्या कडक पाण्याने आंघोळ केली, पाटावरून उठले आणि तिथेच कोसळले. कपाळाला ३ टाके. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी खुर्चीत बसवून बीपी घेतलं, १५८ आलं. गोळी वाढवली आणि मीठ बंद करा म्हणाले. आम्ही अगदी लोणच्याची बरणीसुद्धा उचलून ठेवली. त्यानंतर १५ दिवसांत ते दोनदा पडता पडता वाचले. एकदा तुळशीपाशी, एकदा देवळात आरतीला उभे असताना. शेजारच्या माणसाने काखेत हात घालून धरलं म्हणून बरं.

माझी एक मैत्रीण म्हणाली, आडवं करून बीपी घे आणि मग उभं करून घे. काल घेतलं. आडवे असताना १७०/९४. उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला ९६/५८. मशीन बिघडलं असं वाटून मी माझं घेतलं, भावाचं घेतलं. आमचं नीट येतं.

आता प्रश्न असा की हे बीपी जास्त म्हणायचं की कमी? गोळ्या आधीच दिवसाला १४ होतात, आणखी नकोत असं बाबा म्हणतात आणि मलाही तेच वाटतं. खाण्यापिण्यात, झोपण्याउठण्यात काय बदलता येईल? ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी कृपया लिहा. मी खरंच घाबरलेय.

सुरंगी | १२ मे, रात्री ११.०२

अबोलीताई, आधी एक सांगते. तुमचं मशीन बरोबर आहे आणि दोन्ही आकडे खरे आहेत.

२६ वर्षं मी वॉर्डात नर्स म्हणून काढली, शेवटची काही वर्षं मेंदूविकाराच्या रुग्णांसोबत. पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना हात थरथरणं आठवतं. पण हा आजार शरीराचा आपोआप चालणारा कारभार सांभाळणाऱ्या नसांनाही धरतो. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. धडधाकट माणसात या नसा लगेच नॉरअॅड्रिनॅलिन सोडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आपल्याला काही कळतही नाही. पार्किन्सन्समध्ये हा निरोपच धड पोचत नाही. रक्त खाली राहतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं झाल्यावर उलटं होतं. खाली साठलेलं रक्त वर येतं आणि दाब ताळ्यावर ठेवायला कुणी नसतं, म्हणून आकडा चढतो. उभ्याने पडणं आणि आडव्याने चढणं, दोन्ही एकाच बिघाडातून येतात.

उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ती घसरण धरतात. तुमच्या बाबांचं ७४ ने उतरतंय. हे आहारावर भागवून वाट बघण्यासारखं नाही. या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टना गाठा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ओपीडी आहे. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. बीपीची, प्रोस्टेटची, लघवी जास्त करवणारी, झोपेची, सगळी. यातल्या बऱ्याच गोळ्या उभ्याचं बीपी आणखी खाली ओढतात. सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, तीसुद्धा थोडी ओढते, पण ती स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. अचानक बंद केली तर माणूस जागेवर थिजतो, ताप चढतो, जिवावर बेततं. बीपीची गोळीही तुम्ही आपणहून थांबवू नका, पण "उभं राहिल्यावर ९६ येतं" हे फोन करून उद्याच सांगा.

तोवर: कडक पाण्याची आंघोळ बंद. कोमट पाणी, स्टुलावर बसून, आणि अंग पुसणंही बसूनच.

डिचोलीवाला | १३ मे, सकाळी ७.२०

बीपी कसं मोजायचं ते लिहितो, कारण आम्ही ३ महिने चुकीचं मोजत होतो.

आईला ५ मिनिटं सपाट आडवं ठेवायचं, बोलायचं नाही. मग पहिलं माप. मग उभं करून १ मिनिटाला दुसरं आणि ३ मिनिटांना तिसरं. उभं असताना हात खाली लोंबता ठेवला तर आकडा खोटा, जास्त येतो. म्हणून मी तिचा हात माझ्या खांद्यावर घेतो, म्हणजे पट्टा छातीच्या पातळीला राहतो. हात थरथरत असेल तर मशीन एरर दाखवतं, त्यामुळे कमी थरथरणारा हात निवडा आणि नेहमी तोच ठेवा. मोजताना दुसरा माणूस मागे उभा हवाच. चक्कर आली तर आकड्याचा हट्ट न धरता लगेच बसवा.

वेळा: सकाळी उठताना, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, रात्री झोपताना. शेजारी गोळीची वेळ लिहा. आणि नाडी लिहायला विसरू नका. उन्हाने पाणी कमी झालेल्या माणसाचं बीपी पडलं की नाडी धावते. आईचं वरचं बीपी ५० ने पडायचं आणि नाडी ७२ वरून ७६. त्यावरूनच डॉक्टर म्हणाले की हे नसांचं आहे.

म्हादई | १३ मे, दुपारी १२.४५

मी स्वतः रुग्ण आहे. वय ६१, पार्किन्सन्स ९ वर्षं. लिहायला वेळ लागतो म्हणून सकाळपासून तुकड्यातुकड्यांनी लिहितोय.

ताई, बाबांना विचारा, मानेच्या मागे आणि दोन्ही खांद्यांवर ओझं ठेवल्यासारखं दुखतं का? आडवं झालं की थांबतं का? मी दोन वर्षं मानेचा पट्टा लावून फिरलो, तेल चोळलं, शेक घेतला. दुखणं मानेचं नव्हतंच. उभं राहिलं की त्या स्नायूंना रक्त कमी पडायचं. चक्कर प्रत्येकालाच येते असं नाही. मला नजर धूसर व्हायची, समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं, आणि घरचे म्हणायचे हल्ली लक्षच नसतं याचं.

मला सगळ्यात जास्त उपयोग पाण्याचा झाला. खाटेशेजारी रात्रीच अर्ध्या लिटरचा तांब्या भरून ठेवतो. सकाळी जाग आली की काठावर उठून बसतो आणि तो सगळा ४-५ मिनिटांत संपवतो. साधं पाणी. सरबत नको, ताकही नको. आपल्यासारख्यांमध्ये साधं पाणी भराभर प्यायलं की काही मिनिटांत बीपी चढायला लागतं आणि तासभर तरी टिकतं. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. मुलीने मोजून दाखवलं, पाण्याआधी उभ्याने ९२, पाण्यानंतर २० मिनिटांनी १२०. त्या तासात मी आंघोळ, पूजा उरकतो.

त्यानंतरचं माझं वेळापत्रक: बसल्या बसल्या टाचा-चवडे वर-खाली, ३० वेळा. मांड्या आणि नितंब आवळून १० अंक मोजायचे. मग खाटेचा खांब धरून उभं राहायचं आणि जागच्या जागी मिनिटभर थांबायचं. दारावरची बेल वाजली तरी. पूर्वी मी फोन वाजला की उठून धावायचो, दोन्ही वेळा पडलो ते त्यामुळेच.

एप्रिल-मे आपल्याकडे वाईट. हा दमट उकाडा अंगावरच्या रक्तवाहिन्या सैल करतो आणि घामाने पाणी जातं ते वेगळं. ११ ते ४ मी घराबाहेर पडत नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हा माझा जीव की प्राण, पण आता सकाळी ८ ला जाऊन साडेनऊला परत.

सुरंगी | १३ मे, दुपारी १.३०

म्हादईकाका, किती नेमकं लिहिलंत. पाण्याबद्दल एकच जोड देते. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी असं भराभर पाणी पिऊ नये, पार्किन्सन्समध्ये ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. आणि पाणी प्यायल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही.

रानमाणूस | १३ मे, संध्याकाळी ६.१०

आमच्या सत्तरी तालुक्यात कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर, खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण देतात. पूर्ण नैसर्गिक, गोळ्याच लागणार नाहीत. आणि बीपी कमी होत असेल तर ज्येष्ठमधाचा काढा. माझ्या चुलत्यांना चांगला गुण आला.

सुरंगी | १३ मे, संध्याकाळी ७.००

दादा, तुम्ही आपुलकीने लिहिलंत, पण हे वाचून कुणी आज रात्रीच चूर्ण सुरू करेल म्हणून लगेच उत्तर देते.

खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणजे सिंडोपात जे असतं तेच. म्हणूनच ती "साधी वनस्पती" नाही. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं की डोस किती झाला ते कुणालाच कळत नाही. उभ्याचं बीपी आणखी कोसळतं, भास होतात, अंग वेडंवाकडं हलायला लागतं. ज्येष्ठमधाने बीपी चढतं हेही खरं, पण सोबत रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात बाबांचं आडव्याचं बीपी आधीच १७०. वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत असू द्या.

रानमाणूस | १३ मे, संध्याकाळी ७.२५

हे मला माहीत नव्हतं. चुलते दोन्ही घेतात. उद्याच त्यांच्या मुलाला सांगतो. धन्यवाद ताई.

तांबडीमाती | १४ मे, सकाळी ९.०५

मला मिठाबद्दल बोलायचंय. वर कुणी मीठ वाढवा म्हटलेलं नाही, पण पुढे कुणीतरी म्हणेलच, कारण आम्हालाही एका ओळखीच्या घरून तसाच सल्ला मिळाला होता. माझ्या सासूबाईंना पार्किन्सन्स, बीपी पडायचं. आम्ही रोज पेजेबरोबर मिठातली तोरां, सुक्या बांगड्याचा तुकडा, सोलकढीत चिमूट जास्त, असं सुरू केलं. त्यांची मूत्रपिंडं आधीच अर्धी गेलेली आहेत हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? १० दिवसांत पाय सुजले, रात्री धाप लागली, दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यामुळे मिठाच्या बाबतीत कुणाचंही ऐकू नका, रक्ताच्या तपासण्या बघून डॉक्टर काय सांगतात तेवढंच ऐका.

डिचोलीवाला | १४ मे, सकाळी ९.४०

तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्या आईचं मीठ बंद केल्याने तिची घसरण वाढली होती. साध्या बीपीवाल्याला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आईची मूत्रपिंडं आणि हृदय तपासून डॉक्टरांनी तिला मुद्दाम त्याहून जास्त दिलं. मग सकाळच्या पेजेबरोबर लोणच्याची फोड परत आली आणि आईच्या तोंडाला चवही. ज्याची घसरण होतेय त्याचं मीठ सरसकट तोडणं हेसुद्धा नुकसानीचंच.

तांबडीमाती | १४ मे, सकाळी ९.५२

हो, तपासून दिलं तर हरकत नाही. आमचं तेच राहून गेलं.

चालतीबोलती | १४ मे, रात्री ८.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मडगावला.

पायांच्या घट्ट मोज्यांबद्दल अजून कुणी विचारलं नाही, पण विचारतीलच. कमरेपर्यंतचे मोजे कामाचे असतात, गुडघ्यापर्यंतच्यांचा फारसा उपयोग नाही. कारण सगळ्यात जास्त रक्त पोटात साचतं. आपल्या हवेत ते मोजे कुणी अर्धा तासही घालत नाही, आणि पार्किन्सन्सच्या हाताने ते ओढून चढवणं ही शिक्षा आहे. त्यापेक्षा पोटाचा रुंद पट्टा बरा, बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर वापरतात तसा. सकाळी खाटेवर आडवं असतानाच बांधायचा, उठण्यापूर्वी. श्वास अडेल इतका नाही, पण चांगला आवळून. आणि आडवं होण्यापूर्वी सोडायचाच, नाहीतर चढलेलं बीपी आणखी चढेल.

पाय एकमेकांवर टाकून उभं राहण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगतात. बीपीला ती चांगली आहे, पण ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याने ती करू नये. त्याऐवजी मांड्या आवळणं. अगदीच अंधारी आली तर खाली बसणं, आणि तेही लाजायचं नाही.

व्यायाम सोडू नका. पडण्याच्या भीतीने माणूस खाटेला खिळला की नसा आणखी आळशी होतात, आठवड्याभरात फरक दिसतो. पण सकाळी सकाळी उभ्याने व्यायाम नको, ती घसरणीची वेळ. दुपारनंतर, बसून पायडल मारणं, आडव्याने पाय उचलणं, पुलासारखी कंबर उचलणं.

जांभूळ | १५ मे, रात्री ९.१५

एक विचारू का? वडील ६८, पार्किन्सन्सला ४ वर्षं. आयुष्यभर काजूच्या हंगामात संध्याकाळी एक ग्लास उर्राक (काजूची हलकी दारू) घेतात. आता हंगाम संपत आलाय, पण फेणी आहेच. थोडी चालेल का? बीपी जास्त असतं त्यांचं, मग थोडं उतरलं तर चांगलंच ना, असं ते म्हणतात.

सुरंगी | १५ मे, रात्री ९.४०

त्यांचं बीपी उभं करून मोजलंय का? आधी ते मोजा. दारूने रक्तवाहिन्या सैलावतात, लघवी वाढते, आणि रात्री बाथरूमला उठताना माणूस पडतो. मी वॉर्डात खुब्याची हाडं मोडून आलेले किती पाहिले ते सांगू नये. उभ्याची घसरण असेल तर त्यांना प्रेमाने पण स्पष्ट नाही म्हणा.

अबोली | ६ जून, रात्री ९.५०

सर्वांची मनापासून आभारी आहे. उशिरा लिहितेय, पण मधल्या दिवसांत वही भरत होते.

न्यूरॉलॉजिस्टनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक पाकीट वाचलं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा भाग होता, ती थांबवली. प्रोस्टेटची गोळी बदलण्याबद्दल त्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. सिंडोपा तशीच ठेवली. मूत्रपिंड आणि हृदय तपासून म्हणाले, मीठ बंद नको, पूर्वीसारखं घरचं जेवण. आमच्या १४ गोळ्यांच्या १२ झाल्या. गोळ्या वाढवायच्या नाहीत असं म्हणत गेलो होतो, कमी होतील असं वाटलंच नव्हतं.

ते आणखी म्हणाले की एवढ्याने भागलं नाही तर उभ्याचं बीपी धरून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, तेव्हा त्या घ्यायला नको म्हणू नका. हे इथे लिहितेय, कारण मी धाग्याच्या नावात "गोळ्या न वाढवता" असं लिहिलं होतं. बाबांचं पडणं थांबणं महत्त्वाचं.

खाटेचं डोकं उंच केलं. हे मला त्यांनीच समजावलं. माणूस सपाट झोपला की चढलेल्या बीपीमुळे मूत्रपिंडं रात्रभर मीठ-पाणी बाहेर टाकत राहतात. म्हणून बाबा रात्री ४ वेळा लघवीला उठायचे आणि सकाळी अंगात पाणीच नसायचं. उशा वाढवून उपयोग नाही, नुसती मान वाकते. सगळी खाटच तिरकी हवी. भावाने गवंड्याकडून चिऱ्याचे दोन तुकडे कापून घेतले, ६ इंचांचे, मधे खाटेचा पाय बसेल एवढा खळगा पाडून. पहिल्या दोन रात्री बाबा सरकत सरकत पायथ्याशी जायचे. मग पायाकडे घट्ट गुंडाळलेली गोधडी ठेवली, पाय टेकवायला. आता रात्री दोनदाच उठतात. तेसुद्धा खाटेशेजारी भांडं ठेवलंय, बसूनच.

दुपारची झोप आरामखुर्चीत. याला त्यांची फार कुरकुर आहे, अजूनही.

वहीतलं सांगते. १४ मे: आडवे १७०/९४, उभे ९८/६०. ४ जून: आडवे १५२/८६, उभे ११४/६८. सकाळचं अर्धा लिटर पाणी चालू आहे, ठसका लागत नाही हे बघून. पोटाचा पट्टा पहिल्या दिवशी त्यांनी रागाने सोडून फेकला. मग म्हटलं, फक्त देवळात जाताना बांधा. आता सकाळी स्वतःच मागतात.

जे जमलं नाही तेही लिहिते. दुपारच्या जेवणानंतरची घसरण अजून तशीच आहे. १ वाजता भात जेवतात, २ वाजता उभ्याने १०० च्या खाली.

म्हादई | ७ जून, सकाळी ११.२०

ताई, वाचून फार बरं वाटलं. जेवणाचं माझंही तसंच होतं. पोटभर भात, त्यावर गोड, की पचवायला सगळं रक्त आतड्यांकडे जातं आणि पुढचे दोन तास आपण कामाचे राहत नाही. मी ताट अर्धं केलं आणि वेळा वाढवल्या. सकाळी ८ ला पाव-भाजी, ११ ला उकड्या तांदळाची वाटीभर पेज, १ वाजता थोडाच भात आणि हुमण, ४ ला चहाबरोबर काहीतरी, रात्री ८ ला कुळथाची पिठी किंवा आटवल. रात्री मात्र झोपण्याआधी थोडं पिष्टमय खाल्लं तर चालतं, तेव्हा तीच घसरण आडव्याचं बीपी थोडं खाली ठेवायला उपयोगी पडते. मला हे माझ्या डॉक्टरांनी सांगितलं.

चहा-कॉफी घ्यायची तर सकाळी, दुपारच्या आधी.

सिंडोपा जेवणाआधी अर्धा तास घेता ना? मासे, डाळ यांच्यासोबत घेतली की ती नीट लागू पडत नाही. खाण्याच्या वेळा वाढवल्या की गोळ्यांच्या वेळा त्यात अडकतात. डॉक्टरांकडून एकदा वेळापत्रक बसवून घ्या.

चालतीबोलती | ७ जून, दुपारी ३.१०

अबोली, आणखी एक. शौचाला कुंथायला लागतं का? पार्किन्सन्समध्ये बद्धकोष्ठ जवळपास ठरलेलंच. कुंथताना बीपी धाडकन उतरतं आणि माणूस तिथेच कोसळतो, आतून कडी लावलेली. आमच्या एका पेशंटच्या घरी दार तोडावं लागलं. पाणी, भाज्या, फळं, पपई, आणि गरज पडली तर त्याचं औषध. आणि कडी काढून टाका, पडदा लावा.

अबोली | ७ जून, रात्री १०.००

कडी आजच काढली. हे सुचलंच नसतं.

अबोली | १६ सप्टेंबर, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. आमचा ५ दिवसांचा गणपती झाला, त्याबद्दल लिहायचंय, कारण सणासुदीला काय करायचं हे विचारणारे दोन निरोप मला आले होते.

दरवर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बाबा बांधतात. कांगलां, माट्टुळ्या, नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, कवंडळं, सगळं रानातून आणून स्वतःच्या हाताने. यंदा चतुर्थीच्या आधी तीन दिवस ते माटोळीच्या चौकटीकडे नुसते बघत बसायचे. हात वर करून, मान मागे टाकून उभ्याने काम करणं म्हणजे बीपी पडायला आमंत्रण, हे फिजिओताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांना नको म्हणायला माझी जीभ रेटेना.

शेवटी भावाने चौकट खाली उतरवली आणि सोप्यावर दोन स्टुलांवर आडवी ठेवली. बाबा खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या एकेक घोस बांधला. कुठलं फळ कुठे हे सगळं त्यांचंच. गाठ मारायला बोटं ऐकत नव्हती तिथे माझ्या मुलीने सुतळी धरली. अडीच तास लागले, मधे दोनदा पाणी आणि एकदा पेज. मग चौघांनी मिळून ती भरलेली चौकट वर चढवली. जड झाली होती, पण चढली.

आरत्यांना ते खुर्चीत बसले. पहिल्या दिवशी त्यांना अवघडल्यासारखं झालं, आमच्याकडे आरत्या पाऊण तास चालतात आणि सगळं घर उभं. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक आजोबा आपली खुर्ची घेऊन त्यांच्या बाजूला येऊन बसले. त्यांनाही गुडघ्यांचा त्रास आहे म्हणे. मग झांजा बाबांच्याच हातात.

नेवऱ्या त्यांना दोन दिल्या, जेवणानंतर नाही, ४ वाजता. प्रसादाच्या पंगतीत थोडं थोडं वाढलं. उकाड्यात गर्दीच्या खोलीत त्यांना पंख्याखालची जागा.

५ दिवसांत एकदाच अंधारी आली, विसर्जनाच्या संध्याकाळी दारात. त्यांनी स्वतःच "बसतो" म्हणून सांगितलं आणि पायरीवर बसले. पाणी प्याले, १० मिनिटांनी उठले. तळीपर्यंत नाही गेले, दारातूनच निरोप दिला.

आजचं सकाळचं: आडवे १४८/८४, उभे ११६/७०. नाडी ७०, ७४.

सुरंगी | १६ सप्टेंबर, रात्री ९.५५

माटोळी खाली उतरवून बांधली हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना माझा नमस्कार सांगा. आडव्याचं १४८ अजून थोडं वर आहे, ते डॉक्टर बघतीलच, दर तीन महिन्यांनी वही दाखवत राहा. थंडीत आकडे बदलतात, डिसेंबरमध्ये पुन्हा आठवडाभर तिन्ही वेळा मोजा.

जांभूळ | १६ सप्टेंबर, रात्री १०.२०

ताई, पोटाचा पट्टा कुठल्या मापाचा घेतला? बाबांना एक आणला तर तो वर सरकून छातीशी येतो. आणि हो, उभं करून मोजलं त्यांचं. १४२ वरून १०४. डॉक्टरांना दाखवलं. फेणीची बाटली त्यांनीच शेजाऱ्याला देऊन टाकली.

अबोली | १६ सप्टेंबर, रात्री १०.४१

बेंबीच्या पातळीला पोटाचा घेर मोजून घ्या, कमरेच्या पँटीच्या मापाने नको. आमचा ९ इंच रुंदीचा आहे, औषधाच्या दुकानात मिळाला. खालची कड खुब्याच्या हाडांवर टेकली पाहिजे, तर वर सरकत नाही. आत सुती बनियन घाला, नाहीतर घामोळं येतं.